पहिलं पिच काढून टाका

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

काव्याने दिवाळीला ही डायरी हातात ठेवली. "मम्मा, रोज लिहायचं. इट्स गुड फॉर यू." चकल्या-शंकरपाळ्यांच्या ऑर्डरी संपेपर्यंत माझ्या हाताचं तेल सुटलं नाही, म्हणून डायरी फ्रिजवर पडून होती. आज बाल्कनीतल्या कुंडीत तुळशीचं लग्न लावलं, दिवाळीला रीतसर निरोप दिला आणि म्हटलं, चला उर्मिलाबाई, घ्या पेन.

पण लिहू काय? आमच्या घरात जे बोललं जातं ते सगळं १९९८ सालाबद्दल असतं आणि मी लग्न होऊन दुबईत आले १९९९ला. माझा सुवर्णकाळ एका वर्षाने हुकला.

दर रविवारी बापूभाऊजी आणि सुलक्षणावहिनी आमच्याकडे जेवायला असतात. भाऊजींचा इंटीरिअर कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा आहे, आमच्या ह्यांचं टाइल्सचं सेल्स. जेवणं झाली की गाडी ठरलेल्या रुळावर येते. तेव्हा इथे दुबईच्या डीआयपी भागाच्या कडेला नुसती वाळू होती. शुक्रवारी सगळी मराठी पोरं बॅट घेऊन जमायची. बापूभाऊजींनी रास अल खैमाहून ट्रकभर लाल माती आणून पिच बनवलं, म्हणून त्याचं नाव तांबडं मैदान. "आणि काय ती बॉलिंग!" आमचे हे, विलासराव, सोफ्यावर पुढे सरकतात. "सकाळी चेंडू हातात घेतला की बापू दुपारी खाली ठेवायचा. आताचे बॉलर? चार ओव्हर टाकल्या की खांद्यावर बर्फ!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की एखाद्या रविवारी राहिलं तर मीच आठवण करीन. ह्यांनी फेसबुकवर 'गोल्डन एरा' नावाचं पान काढलंय. त्यावर बापूभाऊजींच्या यॉर्करबद्दल जेवढं लिहिलंय तेवढं माझ्याबद्दल लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसालाही लिहिलं नाही.

भाऊजी मात्र गप्प. मान खाली घालून बडीशेप चघळतात. ह्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, तरी ह्यांना 'साहेब' म्हणतात, 'तुम्ही' म्हणतात. हे त्यांना खुशाल 'बापू, तू'. मी एकदा वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "असू दे गं, अठ्ठ्याण्णव सालापासूनचा मान आहे." एवढा मान ह्यांना ऑफिसात मिळाला असता तर आज आम्ही व्हिलात राहिलो असतो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज घराचं लग्नघर झालंय! 'गोल्डन एरा'ला ईमेल आली. खरीखुरी ईमेल, कोणी नायजेरियाचा राजपुत्र नव्हे. तांबडं मैदान तीन वर्षांसाठी एका बेसबॉल लीगने घेतलंय. त्यांनी लिहिलंय, "ऑन अवर गोल्डन एरा पिचिंग नाइट, वी वुड बी ऑनर्ड इफ अ लेजंड फ्रॉम युवर कम्युनिटी थ्रोज आउट द फर्स्ट पिच."

ह्यांनी तीनदा मोठ्याने वाचली आणि अर्थ लावला. "बेसबॉलला पिच लागतंच कुठे? आपलं पिच त्यांना मधे येतंय. म्हणून म्हणतात, पहिलं पिच काढून टाका. थ्रो आउट! पण सभ्यपणा बघ. जेसीबी लावून उखडलं असतं तरी कोण विचारायला जाणार होतं? पण नाही, ज्याने बनवलं त्या लेजंडच्या हाताने, सन्मानाने!"

"आणि ते पिचिंग नाइट?"

"पिचिंग म्हणजे पिचचं काम. जसं प्लंबिंग."

ह्यांचं इंग्रजी बी.कॉम.चं, माझं बारावीचं. मी मान हलवली.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तसं ह्यांनी ताबडतोब उत्तर पाठवलं, आमचा लेजंड तयार आहे. लेजंडला अजून कुणी सांगितलेलंही नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मला बाई हे बरं वाटत नाहीये. आनंदाच्या भरात आहेत म्हणून ह्यांना बोलले नाही, पण स्वतः घातलेली माती स्वतः खणायला लावायची, हा कसला सन्मान?

आणि बापूभाऊजींचं तर त्या मैदानाशी जुनं दुखणं आहे. वहिनींनी मला कितीतरी वर्षांपूर्वी पोळ्या लाटता लाटता सांगितलं होतं. १९९८ची फायनल. भाऊजी असे बॉल टाकत होते की बॅट्समन दिसेल त्या दिशेला उड्या मारत होते. मधेच अंपायरने हात आडवा केला आणि ओरडला, "थ्रो! नो बॉल!" म्हणजे हात कोपरात वाकवून फेकताय. पुढचा बॉल, पुन्हा तेच. क्रिकेटमध्ये बॉलरला फेकी म्हणणं म्हणजे वाण्याला काटामाऱ्या म्हणण्यासारखं. भाऊजींनी चेंडू अंपायरच्या हातात दिला आणि बाहेर गेले. त्यानंतर त्यांनी चेंडूला हात लावला नाही. मैदानावर मात्र पुढे काही वर्षं जात राहिले, पिचला पाणी घालायचे, झाडायचे, रोलर ओढायचे. बॉल टाकायचं नाव नाही.

त्या अंपायरचं नाव वहिनी सांगत नाहीत. ह्यांना विचारलं की हे पाणी प्यायला उठतात. मला तर वाटतं, त्या मेल्याच्या डोळ्यांत वाळू गेली असणार. आज जेवताना मी हे बोलूनही दाखवलं. "तो अंपायर एकदा माझ्यासमोर येऊ दे, बिनमिठाचे पोहे खायला घालीन." ह्यांना असा ठसका लागला की मला पाठीत थापट्या माराव्या लागल्या.

९ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं. सांगायला नको होतं.

ह्यांनी श्रीखंडाची वाटी पुढे करून, घसा खाकरून भाषणच केलं. लीगने बोलावलंय, प्रेक्षक असतील, माईकवर नाव घेतील. भाऊजींनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "करायचं काय?"

"पहिलं पिच काढायचं."

"माझं पिच. मी काढायचं."

"बापू, टाळ्या वाजतील रे. त्या मैदानावर एकदा तरी तुझ्यासाठी..."

"साहेब," भाऊजी म्हणाले, "त्या मैदानावर मला काय मिळायचं ते मिळून गेलंय." चमचा वाटीत ठेवला, वाटी बाजूला सारली आणि चपला घालून लिफ्टकडे गेले. वहिनी मागोमाग. श्रीखंड तसंच. सव्वीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

हे संध्याकाळपर्यंत बाल्कनीत उभे होते. मी म्हटलं, "तुम्ही एवढं मनाला का लावून घेताय? तुम्ही थोडंच त्यांना मैदानातून घालवलं होतं?" तर तुळशीच्या कुंडीला पाणी घालायला लागले. पुरुषांचं मैत्र मला कळत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

वहिनींचा फोन नाही. मी केला तर म्हणाल्या, "ते गोडाउनवर आहेत, हातोडी मारतायत." कशावर, ते विचारायचं धाडस झालं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लीगच्या दुआचा फोन आला. शारजात वाढलेली गोड पोरगी, हिंदी बोलते. ह्यांनी स्पीकरवर लावला.

"अंकल, डिस्टन्स सिक्स्टी फीट सिक्स इंचेस होता है."

ह्यांनी माझ्याकडे बघून डोळा मारला, फोनवर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरगी चुकली. बावीस यार्ड म्हणजे सिक्स्टी सिक्स फीट. हिने इंच कुठून काढले?"

"और ग्लव्ह हम दे देंगे."

"वा वा! सेफ्टी फर्स्ट!"

"उनका कंधा ठीक है ना? नहीं तो थोडा पास से कर लेंगे, नो प्रॉब्लेम."

"बेटा, आदमी कॉन्ट्रॅक्टर है. पूरा करेगा, आधा काम नहीं छोडेगा!"

दुआ हसत सुटली. म्हणाली, "आय लव्ह द स्पिरिट, अंकल!" लेजंडचा एखादा जुना फोटोही मागितला.

फोटो शोधायचं काम माझ्याकडे. बेडखालच्या सूटकेसमध्ये सापडला. काय सुंदर फोटो आहे! भाऊजी हवेत, केस उडतायत, चेंडू बोटांतून नुकताच सुटलाय. मागे लांब पांढरा कोट घातलेला तो अंपायर उभा, हात आडवा पसरलेला. म्हणजे त्याच क्षणाचा फोटो! पण काढणाऱ्याने अंपायरचं डोकं नेमकं कापलंय, नाहीतर आज छडा लागला असता. घड्याळ उजव्या मनगटावर आहे, आमच्या ह्यांच्यासारखं. तेव्हा तशी फॅशन असावी.

ह्यांना दाखवला तर फोटो हातातून घेतला, पाकिटात घातला आणि म्हणाले, "हा नको." मग दुआला भाऊजींचा पासपोर्टचा फोटो पाठवला. त्यात भाऊजी कुणाचा तरी पैसा बुडवून पळालेले दिसतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काव्या अबुधाबीहून आली. बँकेत असते, महिन्यातून दोनदा कपडे धुवायला आईची आठवण येते. तिला बातमी दिली, बापूकाकांना फर्स्ट पिचसाठी बोलावलंय. ती सोफ्यावर उडीच मारून बसली. "ओ माय गॉड! फर्स्ट पिच? दॅट्स सो कूल! काका प्रॅक्टिस करतायत ना?"

"त्याला कसली प्रॅक्टिस?" हे म्हणाले. "आयुष्य गेलंय त्याचं फावड्याबरोबर."

काव्या खूप हसली. "बाबा, यू आर टू फनी." मग फोनमध्ये डोकं घालून बसली. मला हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही, पण घरात कोणीतरी हसलं याचंच बरं वाटलं.

भाऊजींचा अजून होकार नाही. हे रात्रभर कूस बदलतात. मी म्हटलं, लीगला नाही कळवा. म्हणाले, "उर्मिला, मला बापूला त्या मैदानावर एकदा टाळ्या मिळालेल्या बघायच्यात. एवढं झालं की बस. मग मला काही नको."

१६ नोव्हेंबर, रविवार

आले! जेवायच्या वेळेला बरोब्बर बेल वाजली. भाऊजी दारातूनच म्हणाले, "साहेब, परक्याच्या जेसीबीने उखडण्यापेक्षा माझ्या हाताने निघू दे. पण रीतीने काढायचं. पूजा करून."

सुलक्षणावहिनींनी सगळं ठरवूनच आणलं होतं. गणपती हलवायच्या आधी उत्तरपूजा करतात ना, तशी पिचची उत्तरपूजा. हळदकुंकू, अक्षता, नारळ आणि वाटेसाठी दहीपोह्यांची शिदोरी. "माती आहे, देवापेक्षा कमी नाही," वहिनी म्हणाल्या. मला एकदम भरून आलं. पोहे माझ्याकडे.

हे इतके खूश की दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि रविवारचं वाक्य म्हणाले. "आताचे बॉलर! चार ओव्हर..." आम्ही सगळ्यांनी एकसुरात पुरं केलं, "...की खांद्यावर बर्फ!" भाऊजीसुद्धा किंचित हसले. मी बघितलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

तयारी जोरात. टिकाव, फावडी, घमेली भाऊजींच्या गोडाउनमधून. खणून झाल्यावर जमीन सपाट करायला रोलर हवा, तो ह्यांनी भाड्याने आणला. "दोनशे दिरहम! म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपये! लोखंडाचं नुसतं पिंप आहे!" रोलर सध्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आहे. वॉचमन रोज विचारतो, "भाभीजी, ये क्या है?" मी सांगते, "लेजंड का सामान है."

२३ नोव्हेंबर, रविवार

काल जे झालं ते नीट क्रमाने लिहायला हवं. हसून हसून माझ्या बरगड्या अजून दुखतायत. आणि रडूनही.

चार वाजता आम्ही पिकअपमधून तांबड्या मैदानावर पोहोचलो. भाऊजींनी सफारी सूट घातला होता. वहिनी नऊवारीत, हातात पूजेचं ताट. मी दहीपोह्यांचा डबा घेऊन. हे आणि काव्या मागे रोलर धरून. गेटवर खैरुद्दीन नावाचा सिक्युरिटीवाला होता. त्याने टिकाव बघितला, रोलर बघितला, वहिनींच्या हातातला नारळ बघितला आणि म्हणाला, "हबीबी, मॅच देखने आये हो या बिल्डिंग बनाने?"

"पिच निकालने," हे छाती काढून म्हणाले.

खैरुद्दीनने वॉकीटॉकीवर कुणाला तरी बोलावलं. काव्याने रोलर सोडला. आळीपाळीने आमच्या सगळ्यांकडे बघितलं. "बाबा. यू थॉट. फर्स्ट पिच म्हणजे..." ती रोलरवरच बसली आणि पोट धरून हसायला लागली. तेवढ्यात दुआ धावत आली, भाऊजींच्या डोक्यावर लीगची टोपी आणि गळ्यात मफलर घातला, "वेलकम, लेजंड!" म्हणाली आणि आम्हाला आतच घेऊन गेली. हत्यारं गेटवर राहिली. पूजेचं ताट मात्र वहिनींनी सोडलं नाही.

आत हिरवंगार गवत, दिवे, बाकांवर ही गर्दी. मधोमध लाल मातीचा उंचवटा. भाऊजी थबकले. मग तरातरा गेले, खाली बसले, माती चिमटीत घेतली.

"माझी माती आहे. हिचं वारूळ कोणी केलं?"

दुआने हिंदीत सांगितलं, "अंकल, वाळू काढली तर खाली ही इतकी सुंदर क्ले मिळाली! आमच्या ग्राउंड्समनने सगळी या माउंडला वापरली. पिचर याच्यावरच उभा राहतो." मग तिने भाऊजींच्या हातात एक पांढरा चेंडू ठेवला. लाल टाके असलेला. "बस, यहां से एक थ्रो. पूरा स्टेडियम देख रहा है."

थ्रो. तो शब्द ऐकला आणि भाऊजींचा चेहरा उतरला. मी सीमेच्या दोरीपाशी उभी होते, तिथूनही दिसलं. त्याच वेळेला माईकवरचा माणूस गरजला, आता बापू मोहिते, गोल्डन एराचे लेजंड, विल थ्रो!

भाऊजी ह्यांच्याकडे वळले. "साहेब, ही तुमची आयडिया? सत्तावीस वर्षांनी? माईकवरून?"

हे पांढरेफटक. मला वाटलं झालं, आता भाऊजी त्या दिवशीसारखा चेंडू हातात देतील आणि चालू पडतील. पुन्हा कधी आमच्याकडे जेवायलाही यायचे नाहीत.

काव्याच धावली. हसू पुसून, शुद्ध मराठीत बोलली, जे ती फक्त आजीशी बोलते. "बापूकाका, ऐका. पिच म्हणजे खेळपट्टी नाही हो. पिच म्हणजे चेंडू फेकणं. बेसबॉलमध्ये फेकायचाच असतो. सगळे फेकतात. दॅट्स द होल गेम!"

भाऊजींनी तिच्याकडे बघितलं. मग चेंडूकडे. "कोपर वाकलं तरी?"

"वाकायलाच पाहिजे! सरळ हाताने टाकलात तर लोक हसतील."

"नो बॉल नाही?"

"काका, इथे नो बॉल नावाची गोष्टच नाही!"

मग आमचे हे दोन पावलं पुढे झाले आणि भाऊजींच्या कानाशी काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. काव्याला आलं होतं, तिने नंतर सांगितलं. हे म्हणाले, "बापू, तू फेक. माझे हात खिशात आहेत." आणि खरंच, दोन्ही हात पँटच्या खिशात कोंबून बाजूला जाऊन उभे राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. अशा प्रसंगी माणूस धीर देतो की हातांचा पत्ता देतो? पण भाऊजींनी त्या खिशांकडे बघितलं. मग सफारीचं वरचं बटण सोडलं.

ग्लव्ह घातला नाही. उंचवट्यावरून खाली उतरले आणि मागे मागे चालत निघाले. दुआ ओरडतेय, "अंकल, किधर? रन-अप नहीं होता!" आणि भाऊजी आपले चाललेत. मैदानाच्या मागच्या गवतापर्यंत गेले, वळले, चेंडू पँटवर घासला आणि धावत सुटले! साठ वर्षांचा माणूस! टोपी उडाली, मफलर मागे फडफडतोय. उंचवट्यावर एक उडी, फोटोतल्यासारखी हुबेहूब, आणि हात कोपरातून असा फिरला की मला चेंडू दिसलाच नाही. नुसता आवाज आला. फाट्! समोर बसलेल्या खेळाडूने ग्लव्हमधून हात काढला आणि झटकत नाचायला लागला.

मग बाकं कोसळतील असा गोंगाट! अमेरिकन, फिलिपिनो, जपानी, पठाण, सगळे उभे. माझ्या शेजारी टेक्सासचे एक आजोबा होते, मघापासून बायकोला काहीतरी ऐकवत होते. ते मलाच मिठी मारायच्या बेतात होते, डबा मधे होता म्हणून वाचले. "मॅडम," ते म्हणाले, "जुन्या काळी पिचर असे असायचे! सुरुवात करायचे आणि शेवटपर्यंत फेकायचे! आताचे? पाच इनिंग झाल्या की खांद्यावर बर्फ!"

इथे एक विलासराव, सातासमुद्रापार एक विलासराव. मी डबा उघडून त्यांना दहीपोहे दिले. दुसऱ्यांदा मागून घेतले.

पण भाऊजी टाळ्यांकडे बघत नव्हते. धापा टाकत वळले आणि ह्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "काय साहेब? चालला?"

ह्यांनी खिशातून हात बाहेर काढले. उजव्या हातातलं घड्याळ दिव्यात चमकलं. दोन्ही हात त्यांनी भाऊजींच्या खांद्यांवर ठेवले. "चालला, बापू. एकदम लीगल." एवढं म्हणाले आणि हमसून रडायला लागले. तिथेच, उंचवट्यावर, हजार लोकांसमोर.

आता मला सांगा, बेसबॉलमधलं ह्यांना काय कळतं? तासाभरापूर्वी टिकाव घेऊन आलेला माणूस! निकाल द्यायला तिथे जाळीचा मुखवटा घातलेला खराखुरा अंपायर होता की. पण भाऊजींनी त्या अंपायरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ह्यांनाच मिठी मारली, दोघं लहान पोरांसारखे रडत होते आणि त्यांना बघून मीही. का, ते विचारू नका.

वहिनींनी तेवढ्यात उंचवट्याला हळदकुंकू वाहिलं. नारळ आत फोडायला दुआने नाही म्हटलं, म्हणून गेटबाहेर रोलरवर फोडला. खैरुद्दीनला सगळ्यात मोठी वाटी मिळाली.

३० नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर 'गोल्डन एरा'वर नुसता तो व्हिडिओ. ह्यांनी खाली चार ओळी लिहिल्यात, "हाताचा दोष नव्हता. खेळ चुकीचा होता." बरं लिहिलंय, पण माझ्याबद्दल अजून काही नाही. सूटकेसमधला तो फोटोही बाहेर आलाय. ह्यांनी फ्रेम करून हॉलमध्ये लावला. मी म्हटलं, निदान त्या बिनडोक्याच्या अंपायरला तरी कापून काढा. "राहू दे," म्हणाले. "तोही होताच ना तिथे."

काव्याने व्हिडिओ कॉलवर तो फोटो बघितला, मग बाबांकडे, मग माझ्याकडे. "मम्मा, यू रिअली डोन्ट गेट इट?" मी म्हटलं, न कळायला काय झालं? पिच म्हणजे खेळपट्टी नव्हे, चेंडू फेकणं. एवढं मलाही कळतं.

आज दोघं नेहमीसारखे जेवायला आले. मी पुरणपोळ्या केल्या होत्या, विजयाच्या. भाऊजी तर ओळखू येईनात. बोलतायत काय, हसतायत काय, यॉर्कर कसा टाकायचा ते लाटणं घेऊन दाखवतायत. हे मिटक्या मारत ऐकत होते. आणि मग ते घडलं. ह्यांनी तुपाची वाटी स्वतःकडे ओढली तर भाऊजींनी सगळ्यांसमोर ह्यांच्या हातावर चापट मारली. "ए विल्या, इकडे दे ती. किती खाशील?"

विल्या! सव्वीस वर्षं मी ऐकतेय, साहेब, साहेब. आता एका चेंडूपायी सगळा मान गेला! मला इतका राग आला की मी वहिनींकडे बघितलं, पण त्या पदराने डोळे पुसत होत्या. आणि हे? अपमान झालेल्या माणसाने निदान गप्प तरी बसावं! ह्यांनी वाटी पुढे केली, भाऊजींच्या पोळीवर स्वतःच्या हाताने तूप ओतलं आणि मला म्हणाले, "उर्मिला, ऐकलंस? विल्या म्हणाला मला."